टाकीला बांधलेला नाडा

बाळासो कुठल्याही दुकानात शिरला की आधी मालकाकडे बघत नाही, छताकडे बघतो. मान वर, ओठ आवळलेले, आणि मग एक लांब सुस्कारा. या सुस्काऱ्यावर त्याचं घर चालतं. मालक कापडवाला असो, लॉजवाला असो नाहीतर हाडांचा डॉक्टर, सुस्कारा ऐकला की तो खुर्चीतून उठतो. "काय झालं हो?" असं त्यानं विचारलं तरी बाळासो लगेच उत्तर देत नाही. भिंतीवरचा विजेचा बोर्ड बघतो, बोर्डाखाली रचलेली खोकी बघतो, मान हलवतो आणि म्हणतो, "देवाची कृपा आहे तुमच्यावर. अजून उभं आहे सगळं."

एवढं झालं की लाल टाक्या भिंतीवर चढल्याच म्हणून समजा. आग विझवायच्या टाक्या, धूर ओळखणाऱ्या डब्या, छतातून पाणी उडवणारे फवारे, यातलं जे मागाल ते बाळासोकडे मिळतं. निदान त्याचा बाहेरचा आकार तरी मिळतो. सांगलीत मार्केट यार्डाच्या मागे त्याचं ऑफिस आहे. दारावर ज्वाळांचं चित्र, आत टाक्यांची रांग, आणि रांगेच्या टोकाला खुद्द बाळासो, अंगात लाल जाकीट. मे महिन्यात सांगलीत माणसं सावलीत बसून घाम पुसतात, तेव्हाही त्याच्या अंगावर ते जाकीट असतं. जाकिटावर पाठीमागे इंग्रजीत काहीतरी लिहिलेलं आहे आणि ते काय आहे हे त्याला कुणी कधी विचारलेलं नाही.

या माणसाला आगीची भीती नाही आणि माणसांची किंमत नाही. दोन्ही गोष्टी त्यानं धंद्यातच कमावल्या. जन्म वडूजजवळच्या एका वाडीतला. बाप लवकर गेला. आई मनुबाई, तिच्या दावणीला चार शेरडं आणि पाऊस पडला तर पिकणारा एक तुकडा, एवढ्यावर तो वाढला. बारावीनं त्याला जुमानलं नाही. मग पुण्याला एका कंपनीत लागला. तिथं फायरचे लोखंडी पाइप खांद्यावर घेऊन मजल्यामागून मजले चढायचं काम होतं. पाइप वाहता वाहता त्याच्या कानावर चार शब्द पडले, आणि तेवढ्या भांडवलावर त्यानं सांगलीत येऊन पाटी लावली.

पहिलं वर्ष तो प्रामाणिक होता. हे त्याच्या बाजूनं सांगितलं पाहिजे, कारण दुसरं सांगण्यासारखं काही सापडत नाही. तेव्हा तो टाकीत खरोखर पावडर भरायचा. कारखान्याच्या पटांगणात पातेल्यात डिझेल पेटवून आग कशी विझवायची ते करून दाखवायचा. कामगार मोबाईलवर शूटिंग करायचे, पावडर उडाली की शिट्ट्या मारायचे, आणि साहेब घड्याळाकडे बघत विचारायचा, "ते स्टिकर कधी लावताय? तपासणीला माणूस येणार आहे." टाकी चालते की नाही, हे कुणी विचारत नसे.

मग तासगाव रस्त्यावरच्या एका सूतगिरणीत त्याला साक्षात्कार झाला. आदल्या खंडेनवमीला गिरणीत सगळ्या यंत्रांची पूजा झाली होती, आणि कुणीतरी भाविकानं भिंतीवरच्या लाल टाक्यांनाही हळदकुंकू लावून झेंडूचे हार घातले होते. हार खाली घसरू नये म्हणून लाल-पिवळा नाडा टाकीच्या गळ्याभोवती करकचून बांधलेला. टाकीच्या गळ्याशीच तिची पिन असते. ती ओढल्याशिवाय दांडा दबत नाही आणि दांडा दबल्याशिवाय टाकी म्हणजे नुसतं लोखंड. नाडा बरोबर त्या पिनीवरून दोनदा फिरवून गाठ मारली होती. बाळासो वर्षानं गेला, तर तोच नाडा, तीच गाठ, आणि झेंडूची वाळून काळी पडलेली देठं.

"साहेब, हा नाडा सोडायला पाहिजे," बाळासो म्हणाला. तेव्हा तो असं बोलत असे.

"राहू द्या हो," मॅनेजर म्हणाला. "पूजेचा आहे. कामगारांच्या भावना असतात."

दुसऱ्या कुणाला इथं राग आला असता. शेकडो बायामाणसं कापसाच्या ढिगात काम करतात, आणि त्यांच्या जिवाची पिन यांनी बांधून ठेवली आहे, असं त्याच्या मनात आलं असतं. बाळासोला आनंद झाला. वर्षभर नाडा सुटलेला नाही, म्हणजे वर्षभर टाकीला कुणी हात लावलेला नाही. म्हणजे पुढंही लावणार नाही. मग आत पावडर भरायची ती कुणासाठी? त्यानं नाडा तसाच ठेवला, फडक्यानं टाकी पुसली, जुन्या स्टिकरवर नवा स्टिकर चिकटवला आणि गाडीत बसून मोठ्यानं हसला.

त्या दिवसापासून त्याचा धंदा खरा सुरू झाला. टाक्या भरायला म्हणून न्यायच्या, पेट्रोलच्या बोळ्यानं चकचकीत करायच्या, वरचा छोटा काटा हिरव्या पट्ट्यावर आणून आतून चिकटवून टाकायचा, तारीख बदलायची आणि परत नेऊन टांगायच्या. महाबळेश्वरच्या एका हॉटेलात त्यानं धूर ओळखणाऱ्या पांढऱ्या डब्या छताला नुसत्या चिकटवल्या. आत काही नाही. पावसाळ्यात ओल धरून त्या गळून पडल्या, तर वेटर लोकांनी सिगारेटची राख झटकायला घेतल्या. मालकाला हे सगळं ठाऊक होतं. तोही हसला. बाळासोचं गिऱ्हाईक त्याच्याच लायकीचं होतं, हे मान्य करायला हवं. पण गिऱ्हाईक रात्री हॉटेल बंद करून स्वतःच्या घरी झोपायला जायचं, आणि त्या छताखाली झोपायचे ते पैसे मोजून आलेले परके लोक.

एप्रिलमध्ये फायरचा सप्ताह आला की कॉलेजं त्याला व्याख्यानाला बोलवू लागली. "आग आधी मनात विझवा," असं तो म्हणायचा. याचा अर्थ काय ते त्याला माहीत नव्हतं, पोरांना माहीत नव्हतं, प्राचार्यांना माहीत नव्हतं, पण टाळ्या पडायच्या. शाल-नारळ घेऊन तो खाली उतरायचा आणि गाडीत बसल्यावर बायकोला फोनवर सांगायचा, "येडी हाईत गं समदी. कायबी सांगा."

आणि एवढं असून सांगलीतल्या त्याच्या फ्लॅटमध्ये, गॅसच्या शेगडीपासून हातभर अंतरावर, चांगल्या कंपनीची, भरलेली, सील न तुटलेली टाकी होती. तशीच दुसरी, जरा लहान, गाडीत ड्रायव्हरच्या सीटखाली पट्ट्यात स्क्रूनं घट्ट बसवलेली. या दोन्ही तो वेळच्या वेळी कंपनीतून भरून आणायचा. त्यांच्या काट्यांना त्यानं कधी हात लावला नाही.

या सगळ्या मुलखात बाळासोला मनापासून मानणारं एकच माणूस होतं, ते म्हणजे मनुबाई. सत्तरी ओलांडलेली बाई, वाडीत एकटी राहायची. लेक लोकांची घरं आगीतून वाचवतो, हे ती विहिरीवर, देवळात, एसटीच्या थांब्यावर, जिथं ऐकायला कुणी असेल तिथं सांगायची. कुणीतरी तिला मोबाईलवर त्याचं व्याख्यान दाखवलं होतं. ते तिला कळलं नाही, पण टाळ्या कळल्या.

एकदा तो वाडीला आला आणि चहा घेऊन निघाला, तशी ती उंबऱ्यात आडवी आली.

"समद्या मुलखाच्या भितीला टाक्या टांगत फिरतूस," ती म्हणाली, "आन तुज्या आयच्या भितीला एक न्हाई व्हय रं?"

"तुला कशाला पायजे, आये? तुज्या घरात जळायला हाय काय?"

"मी हाय की."

बाळासो गाडीकडे गेला. आधी पुढचं दार उघडून सीटखाली वाकला, हे खरं. भरलेली टाकी त्याच्या हाताला लागली होती. पण पट्टा स्क्रूनं आवळलेला, पाना कुठंतरी डिकीत, आणि खिशात फोन वाजत होता. डिकी उघडली तर पाना दिसायच्या आधी लॉजवर पोचवायच्या टाक्या दिसल्या, पुसलेल्या, चकचकीत, काटे हिरव्यावर. त्यातलीच एक त्यानं उचलली. पुढच्या खेपेला भरलेली आणू, असं त्यानं ठरवलं.

टाकी बघायला आळी गोळा झाली. शेजारचा धुळा आला, त्याची बायको रंगूबाई आली. धुळाचं उभं आयुष्य मेंढरामागं गेलेलं. आता मेंढरं विकून डाळिंबाचं बघत होता, पण खांद्यावरचं घोंगडं काही सुटलं नव्हतं. मनुबाईनं पदर खोचला आणि लेकाला म्हणाली, "कसं करायचं ते दाव. नीट दाव."

बाळासोनं दाखवलं. तेवढं त्याला चांगलं येत होतं. ही पिन वडायची. ही नळी आगीच्या मुळाशी धरायची, वर जाळावर न्हाई, मुळाशी. हा दांडा दाबायचा. आन झाडल्यागत इकडनं तिकडं फिरवायचं. लय लांब ऱ्हायचं न्हाई, पावडर पोचत न्हाई.

"एकडाव उडवून दाव की गड्या," धुळा म्हणाला.

"पिन वडली की संपली टाकी, मामा. तशी उडवत नसत्यात."

"मग ती चालती का न्हाई, कळायचं कसं?"

"आवं, ह्यो काटा बगा. हिरव्यावर हाय न्हवं? मग झालं."

धुळानं काटा बघितला आणि आणखी काही विचारायला तोंड उघडलं, तोवर मनुबाईनं त्याला गप्प केलं. "माज्या लेकानं दिल्याली हाय ती, धुळा. सरकारी न्हवं." आळी हसली. बाळासोही हसला.

ती बाई पुढं रोज सकाळी टाकी पुसायची. अंगण झाडून झालं की भिंतीसमोर उभी राहून, टाकीला हात न लावता, मनातल्या मनात घोकायची. पिन, मूळ, दांडा, झाडल्यागत. सांगलीच्या नामांकित कॉलेजांत जे कुणी शिकलं नाही ते वाडीतली एक अडाणी म्हातारी शिकली, आणि तेही असल्या गुरूकडून.

खंडेनवमीला तिनं विळा, खुरपं, कुऱ्हाड घासूनपुसून पाटावर मांडली आणि मध्यभागी लाल टाकी ठेवली. हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला, आणि हार घसरू नये म्हणून गळ्याभोवती नाडा बांधला. पिनीवरून दोन फेरे आणि गाठ. दसऱ्याला बाळासो आला तेव्हा त्याला तो नाडा दिसला. सूतगिरणीत पाहिलेला, हुबेहूब तोच. त्या नाड्यावर त्याचा फ्लॅट उभा होता, गाडी उभी होती. आता तरी त्यानं काही बोलायला हवं होतं. निदान गाडीतला पाना शोधायला हवा होता. त्यानं काय केलं, तर आईला टाकीशेजारी उभं करून फोटो काढला आणि "सुरक्षा हीच खरी पूजा" असं लिहून सगळ्या गिऱ्हाइकांना पाठवला. लोकांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली. मग तो पुरणपोळी जेवून सांगलीला गेला, आणि पुढची खेप पुढंच राहिली.

उन्हाळा लागायच्या सुमारास एका दुपारी तो कॉलेजच्या सभागृहात बोलत होता. "पहिलं मिनिट महत्त्वाचं," तो पोरांना सांगत होता. "पहिल्या मिनिटात जो डोकं शांत ठेवतो तो घर वाचवतो." खिशात फोन थरथरत होता. त्यानं दोनदा कापला. तिसऱ्यांदा आला तेव्हा नाव बघितलं, धुळाचं होतं.

"तुज्या आयचा हात भाजलाय," धुळा म्हणाला. "साताऱ्याला नेतोय. ये."

बाळासो गेला, म्हणजे गाडी जोरात हाणत गेला. वाटेत त्याला वाटलं, चुलीवरचं काहीतरी सांडलं असेल. टाकीचा विचार त्याच्या मनात आला नाही असं तो नंतर म्हणायचा. पण कऱ्हाडच्या पुढं आल्यावर त्यानं गाडी बाजूला घेतली होती आणि बराच वेळ स्टिअरिंगवर हात ठेवून बसला होता, त्याचं कारण त्यानं कुणाला सांगितलं नाही.

दवाखान्याच्या पायरीवर धुळा बसला होता. खांद्यावर घोंगडं नव्हतं. काय झालं ते त्यानं न थांबता सांगितलं.

"रंगू भाकऱ्या थापत हुती. ग्यासची नळी उंदरानं कुरतडल्याली, आमाला काय म्हाईत. भपकन जाळ झाला. फळीवरच्या पिशव्या पेटल्या, पोतं पेटलं. ती वरडत भाईर आली. म्या घोंगडं जनावरांच्या हौदात बुडवलं आन पळालो. तवर तुजी आय दारात. टाकी घिऊन. मला आडवा हात घातला तिनं. म्हनली, सर मागं धुळा, घोंगडं कशाला जाळून घेतूस, माज्याकडं टाकी हाय. म्या सरलो. लेकानं दावल्यालं हाय तिला, म्हनलं."

धुळानं मोकळ्या खांद्यावरून हात फिरवला.

"इळ्यानं नाडा कापला तिनं. पिन वडली. मुळाशी धरली नळी. दांडा दाबला. फुस्स बी झालं न्हाई, बाळासो. परत दाबला. मी म्हनलो, आक्का सर, ग्यासची टाकी हाय आत. तर म्हनली, मी लांब हाय, पावडर पोचंना. आन म्होरं गेली. म्होरं गेली ती जाळातच. पदर पेटला, हात पेटला, तरी ती टाकी सोडंना. दाबतीयाच. मग म्या घोंगडं तिच्यावरच टाकलं आन वडली भाईर. दुसरं पोतं भिजवून ग्यासचा कान पिळला, तवा थांबलं. सैपाकघर गेलं. रंगूला काय न्हाई झालं."

"बरं झालं," बाळासो म्हणाला.

"काटा हिरव्यावर हुता," धुळा म्हणाला. "म्या बगितला."

बाळासोनं फोन काढला आणि त्याच्या काळ्या पडद्याकडे बघत पायऱ्या चढला.

मनुबाईचा उजवा हात कोपरापर्यंत पांढऱ्या पट्टीत होता. केस एका बाजूनं जळलेले. डॉक्टर म्हणाले होते, जीव वाचला, बोटांचं सांगता येत नाही. लेकाला बघून तिनं रडायला सुरुवात केली नाही. तिच्या तोंडावर अपराध केल्यासारखे भाव होते.

"माजंच कायतरी चुकलं बग," ती म्हणाली. "पिन वडली. मुळाशीच धरली, आयच्यान. दांडा बी दाबला. आन तरी न्हाई उडाली. तू एवढं नीट दावल्यालं. मला म्हातारीला न्हाई जमलं. रंगूचं घर जळलं रं माज्यामुळं."

खरं बोलायची संधी माणसाला इतक्या सरळ फार वेळा मिळत नाही. खाटेवर बाई पडली होती, हात पट्टीत होता, आणि ती चूक स्वतःवर घेत होती. एक वाक्य पुरलं असतं. ते ऐकून त्याच्या आईनं त्याला माफही केलं असतं, कारण तिनं त्याला आयुष्यभर तेच केलं होतं. बाळासोची नजर पट्टीवरून सरकून खिडकीकडे गेली.

"तू नाडा बांदला हुतास न्हवं, आये? पिनीवर?"

"कापला की म्या इळ्यानं. आदी त्योच कापला."

"आगं, पर इतकं महिनं आवळल्याला. त्येनं आतली तार वाकती. मग वरनं किती बी दाब, आत कायबी हुत न्हाई." तो आता तिच्याकडे बघून बोलत होता. व्याख्यानातला तो ठाम आवाज त्याला सापडला होता. "म्हनून तर आमी सांगत असतो, टाकीला कायबी बांदू नगा."

मनुबाईनं छताकडे बघितलं. मग हळूच म्हणाली, "पूजा केली म्हनून व्हय. आन मी आडानी, मला वाटलं तुज्या टाकीचा मान करावा." तिच्या डोळ्यांतून पाणी आलं ते तेव्हा. बाळासोनं तिच्या कपाळावरून हात फिरवला, आणि त्या हाताला काही वाटलं नाही.

ती घरी आल्यावर आठवड्यानं तो वाडीला गेला, तेव्हा त्याला एवढी लाज मात्र उरली होती की त्यानं पाना शोधला. या वेळी तो लगेच सापडला. सीटखालची भरलेली टाकी काढून त्यानं स्वतःच्या हातानं आईच्या खिळ्याला टांगली. मग त्याला एवढं हलकं वाटलं की आळीतल्या बायका पुढं आल्या तेव्हा त्यानं लगेच डिकी उघडली. बायकांना मनुबाईनंच पाठवलं होतं. भाजलेला हात पदराखाली धरून ती दारोदार फिरली होती. टाकीचा दोष न्हाई, माजा हाय, असं सांगत फिरली होती. घ्या, पर नाडा बांदू नगा, कुंकू लावू नगा, नुसती टांगा. माज्या चुकीतनं शिका. बायकांनी घेतल्या. काट्याकडे बघून घेतल्या, आणि काटे हिरव्यावर होते.

पुढची खंडेनवमी आली. बाळासो नेमानं आला, लाल जाकीट घालून. डिकीत पाटणच्या कुठल्याशा बँकेच्या टाक्या होत्या. घरात पाट मांडलेला होता, विळा, खुरपं, कुऱ्हाड. मनुबाईची उजवी बोटं आत वळली होती, कुंकू ती डाव्या हातानं लावत होती. बाळासोनं भिंतीकडे बघितलं. खिळा रिकामा होता.

"टाकी कुठाय, आये?"

"रंगूला दिली," ती म्हणाली. "तिचं सैपाकघर परत उभं केलं धुळानं. माज्यामुळं जळल्यालं ते. नवीन घरात तिला टाकी नगं व्हय? म्हनलं माजी घिऊन जा. माजा लेक मला दुसरी दील." आणि पाटावरून वर न बघता म्हणाली, "समद्या तुज्याच की. कुटली बी दे."

बाळासोनं उंबऱ्यातून शेजारी बघितलं. रंगूबाईच्या नव्या भिंतीवर गाडीतली ती लहान टाकी होती. खाली धुळा बसला होता. नव्या घोंगड्याची दशी वळत तो बाळासोकडेच बघत होता. ती परत माग आणि तिला दुसरी दे, असं आईला सांगायचं तर का ते सांगावं लागलं असतं. एक नाही, आळीतल्या प्रत्येक भिंतीबद्दल सांगावं लागलं असतं.

तो गाडीकडे गेला. पुढचं दार त्यानं उघडलं नाही, तिथं आता काही नव्हतं. डिकीतली एक टाकी घेतली, जाकिटाच्या बाहीनं पुसली आणि आणून खिळ्याला टांगली. मनुबाईनं उठून काटा बघितला आणि समाधानानं मान हलवली. हळदकुंकवाची वाटी तिच्या डाव्या हातात होती, ती तिनं मुद्दाम मागं नेली. "ह्येला न्हाई लावायचं," ती म्हणाली. "माज्या कुंकवानं बिगडती." आणि वळलेली बोटं दुसऱ्या हाताला टेकवून तिनं टाकीला लांबूनच हात जोडले.

"आता चालंल न्हवं?" तिनं विचारलं. "आता कायबी बांदल्यालं न्हाई."

"चालंल," बाळासो म्हणाला.

पुढच्या खेपेला भरलेली आणू, असं त्यानं ठरवलं, आणि गाडी चालू केली.